पोचल्याचा निरोप

पहाटे सव्वाचारला माझे डोळे आपोआप उघडतात. नोकरी सोडून काही वर्षं झाली, पण डिसेंबर ते मार्च ही खोड जात नाही. उठायचं, चष्मा लावायचा, पडदा सारायचा आणि कोपऱ्यावरच्या दिव्याकडे बघायचं. अंधाऱ्या आभाळाकडे बघून काही कळत नाही. बर्फ दिव्याखाली दिसतो. कण तिरके धावत असले तर वारा आहे, म्हणजे साफ केलेला रस्ता तासाभरात पुन्हा भरणार. मोठे, आळसावल्यासारखे सरळ खाली येत असले तर बर्फ ओला आणि जड. फांद्या मोडणार, वीज जाणार. आणि काहीच दिसत नसेल, पण खांब तेल चोपडल्यासारखा चमकत असेल, तर ते सगळ्यात वाईट. पडणारं पाणी टेकल्या जागी गोठतंय. त्यावर बस ब्रेक लावला तरी थांबत नाही, घसरत जाते.

मॅसॅच्युसेट्समध्ये मेरिमॅक नदीकाठी आमचं गाव. तिथल्या शाळाखात्याच्या कचेरीत मी १९९३ पासून अठ्ठावीस वर्षं सेक्रेटरी होते. चार शाळा, एकोणीस पिवळ्या बस, दोन हजारांच्या आतबाहेर मुलं. शाळा वेळेवर उघडायची, उशिरा उघडायची की बंद ठेवायची, हे ठरवायचं सुपरिंटेंडंटनी. गावाला कळवायचं मी.

मी परळच्या चाळीत वाढले. बाबा गिरणीत. आमचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. त्यावर चहा उकळायचा, डबा भरला जायचा. पावसाळ्यात शाळेला सुट्टी आहे की नाही हे कळण्याची तेव्हा एकच रीत होती, ती म्हणजे शाळेत जाऊन बघणं. गुडघाभर पाण्यातून फाटकापर्यंत गेलं की शिपाईमामा छत्रीआडून हात हलवायचे, ‘जा परत.’ घरून निघताना आई रोज म्हणायची, ‘पोचलीस की कळव.’ कळवायचं कसं, हा प्रश्न तिला कधी पडला नाही. फोन एकच, तोही खालच्या वाण्याकडे. तरी ती म्हणायची आणि मी ‘हो’ म्हणायचे.

१९८५ मध्ये लग्न होऊन इकडे आले. पहिल्याच हिवाळ्यात एका पहाटे खिडकीची काच थरथरेल असा आवाज झाला. गवा हंबरावा तसा, खोल आणि लांब. मी ताडकन उठून बसले. भोंगा! जानेवारी १९८२ मध्ये संप झाला आणि बाबांच्या गिरणीचा भोंगा गप्प झाला, तो कायमचाच. आणि इथे, जगाच्या दुसऱ्या टोकाला, अंधारात तो पुन्हा ओरडत होता. तीनदा वाजला, थांबला. पुन्हा तीनदा. पुन्हा तीनदा. वरच्या मजल्यावरून घरमालकीणबाईंच्या सपाता वाजल्या आणि त्या जिन्यातूनच म्हणाल्या, झोप परत, शाळा नाही.

याच नदीच्या पाण्यावर एकोणिसाव्या शतकात लोवेलच्या कापडगिरण्या चालल्या, त्यामुळे मला वाटलं हा गिरणीचाच भोंगा असणार. तो निघाला बंबखान्याच्या छपरावरचा.

या भोंग्याची गोष्ट १८५२ पासूनची. त्या वर्षी बॉस्टनमध्ये आगीची वर्दी तारेने देणारी पहिली यंत्रणा बसली. रस्त्यारस्त्यावर पेट्या, पेटीतली कळ फिरवली की तिचा नंबर ठोक्यांत बंबखान्याला कळायचा. पुढे गावोगावी ती पसरली. लहान गावांतले बंबवाले पगारी नव्हते. कोणी सुतार, कोणी दूधवाला. आग लागली की हातातलं काम टाकून धावणारे. त्यांना बोलवायला गावभर ऐकू जाईल असा आवाज हवा होता, म्हणून दाबाच्या हवेवर चालणारे भोंगे आले. किती वाजले ते मोजायचं आणि आग कुठे ते ओळखायचं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, की एखादा नंबर कुठल्याच पेटीला न देता शाळेसाठी राखून ठेवला तर? काही गावांनी दोन-दोन-दोन घेतला, आमच्या गावाने तीन-तीन-तीन. खर्च शून्य, आणि निरोप एका मिनिटात साऱ्या गावाला.

पण भोंग्याला वारा आडवा यायचा. इथली मोठी हिमवादळं ईशान्येच्या वाऱ्याची, म्हणून त्यांना नॉरईस्टर म्हणतात. ईशान्येचा वारा सुटला की बंबखान्याच्या वाऱ्यावरच्या बाजूला, नदीपलीकडच्या वस्तीत, भोंगा ऐकूच जायचा नाही. म्हणजे ज्या दिवशी गरज सगळ्यात जास्त, त्याच दिवशी अर्धं गाव बहिरं. पलीकडची मुलं चालत यायची आणि बंद दारावर थापा मारून परत जायची. हे मला आमच्या शाळेच्या म्हाताऱ्या केअरटेकरने सांगितलं. तो स्वतः त्या मुलांपैकी. मला शिपाईमामांचा हात आठवला.

बर्फाच्या पहाटे दोन फोनांच्या मधे बराच वेळ असतो. सुपरिंटेंडंट शेजारच्या गावांशी बोलत असतात, कॉफी गार होत असते. त्या वेळात मी या कामाचा इतिहास वाचत गेले, आणि कुठूनही सुरुवात केली तरी एका तारखेपाशी येऊन थांबायचे. १२ जानेवारी १८८८.

जागा आमच्यापासून फार दूर, नेब्रास्का आणि डाकोटाची मोकळी मैदानं. नव्याने वसाहत झालेला मुलूख. मैलामैलावर एखादं घर, मधेच एका खोलीची शाळा, विशीच्या आतबाहेरची एक शिक्षिका आणि पहिलीपासून आठवीपर्यंतची दहापंधरा मुलं. कित्येक दिवस कडाक्याची थंडी होती आणि त्या गुरुवारी सकाळी हवा एकदम निवळली. मुलं जाड कोट घरी ठेवून, मोजे-टोप्यांशिवाय शाळेत गेली. दुपारी, बऱ्याच ठिकाणी शाळा सुटण्याच्या सुमारास, वायव्येकडून वादळ आलं. पिठासारखा बारीक बर्फ, समोर धरलेला स्वतःचा हात दिसणार नाही इतका दाट, आणि पारा धाडधाड खाली. त्या वादळात २३५ माणसं गेली असा आकडा सहसा दिला जातो. त्यात घराकडे निघालेली शाळकरी मुलं इतकी, की त्याला नावच पडलं ‘शाळकरी मुलांचं वादळ’.

हवामानखातं तेव्हा होतं, पण ते सैन्याच्या सिग्नल कोरकडे होतं. सेंट पॉलच्या कचेरीत बसलेला एक लेफ्टनंट तारांनी आलेले आकडे जुळवून अंदाज काढायचा. थंडीची लाट येणार असली की पांढऱ्या कापडावर मधोमध काळा चौकोन असलेलं निशाण उभारायचं, अशी पद्धत. तार जिथे पोचते तिथेच ते निशाण. मैदानातल्या शाळेत ना तार, ना निशाण. तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, हे खातं सैन्याकडून काढून शेतीखात्याला दिलं गेलं. माझ्या मनात मात्र दोन शिक्षिका राहिल्या.

पहिली मिनी फ्रीमन, नेब्रास्काच्या मिरा व्हॅलीतली. वाऱ्याने तिच्या शाळेचं छप्पर उडालं, तेव्हा ती डझनभराहून जास्त मुलांना एकत्र धरून जवळच्या शेतघरापर्यंत घेऊन गेली. सगळी वाचली. तिने मुलांना दोरीने एकमेकांना बांधलं होतं अशी आख्यायिका झाली, तिच्यावर गाणी निघाली, वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं. दुसरी लोइस रॉइस, प्लेनव्ह्यूजवळची. तिच्याकडे तीन मुलं उरली होती आणि शेगडीतलं जळण संपलं होतं. ती राहत होती ते घर सुमारे दोनशे यार्डांवर. ती निघाली आणि त्या दोनशे यार्डांत वाट चुकली. रात्रभर मुलांना कुशीत घेऊन बसली. तिन्ही मुलं गेली, तिचे पाय कापावे लागले. दोघींनीही दार उघडून बाहेर पाऊल टाकलं ते नाइलाजाने. दुसरीकडे कित्येक शिक्षकांनी बाकं फोडून शेगडीत घातली आणि मुलांना रात्रभर शाळेतच ठेवून घेतलं. त्यांची नावं कोणी गाण्यात घातली नाहीत.

मैदानातल्या घरी बसलेल्या आईला मूल शाळेतच आहे की वाटेवर, हे दुसऱ्या दिवसापर्यंत कळायला मार्ग नव्हता. ‘पोचलीस की कळव’ म्हणणारी आई तिथेही असेलच.

एका खोलीच्या या शाळांना बर्फासाठी सुट्टी जाहीर करायची गरज सहसा पडत नसे. शिक्षिका जवळपासच राहायची, मुलं मैलदीड मैलावरून चालत यायची. ज्यांना जमलं ती आली, बाकीची नाही आली. सुट्टी गावाने एकत्र घ्यायची गोष्ट झाली ती गाडी आल्यावर. मुलांना शाळेत आणण्यासाठी सरकारी पैसा वापरू देणारा पहिला कायदा आमच्याच मॅसॅच्युसेट्सचा, १८६९ चा. सुरुवातीला घोडागाड्या, हिवाळ्यात चाकांऐवजी खाली घसरपट्ट्या. मग मोटारी. लहान शाळा मोडून मोठ्या झाल्या. १९३० च्या सुमारास देशात एकशिक्षकी शाळा जवळजवळ दीड लाख होत्या. १९७० मध्ये उरल्या दोन हजारांहून कमी. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या परिषदेत बससाठी तो ओळखीचा पिवळा रंग ठरला, पहाटेच्या अंधुक उजेडातही चटकन दिसणारा. आता एक बस घसरली तर चाळीस मुलं. म्हणून निर्णय एकाने, सगळ्यांसाठी, आणि मुलांनी उंबरठा ओलांडायच्या आत घ्यायला हवा.

तो कसा घेतला जायचा ते सांगते. पहाटे चारला रस्तेखात्याचा फोरमन गावभर गाडी फिरवून सुपरिंटेंडंटना फोन करायचा. बर्फ किती पडला यापेक्षा प्रश्न वेगळेच असायचे. बर्फ बाजूला सारणाऱ्या प्लाऊची दुसरी फेरी झाली का? चढावर मीठ टाकलं, ते धरतंय का? पारा फॅरनहाइटच्या पंधराखाली गेला की साधं मीठ बर्फ नीट वितळवत नाही. डिझेल थंडीने घट्ट होऊन बस सुरूच होत नाहीत असं तर नाही ना? फूटपाथ मोकळे आहेत का, की बसथांब्यावरची मुलं रस्त्यात उभी राहणार? मग शेजारच्या चारपाच गावांचे सुपरिंटेंडंट एकमेकांना फोन करायचे, कारण एकट्याने शाळा उघडी ठेवलेली कोणालाच नको असते. साडेपाचच्या आत निर्णय, नाहीतर पहिली बस सुटते.

दोन तासांचा ‘डिले’ हा या सगळ्यातला मधला मार्ग. आमच्याकडे जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य सव्वासातला उगवतो. दोन तास उशीर केला की उजेड होतो, प्लाऊची आणखी एक फेरी होते, उन्हाने मीठ कामाला लागतं. ऐकायला सोपं, पण त्याने सगळं हलतं. शाळेतला नाश्ता रद्द, जेवणाच्या पाळ्या बदलायच्या, लहान गटाची सकाळची शाळा बंद, आणि ज्यांना सातला कामावर हजर व्हायचं त्या आईबापांचा जीव टांगणीला. पूर्ण सुट्टीला पालक कुरकुरायचे; डिलेला मात्र चिडायचे.

निर्णय झाला की माझं खरं काम सुरू व्हायचं. आधी रेडिओ. बॉस्टनच्या डब्ल्यूबीझेडवर बंद शाळांची यादी ऐकण्यात इथल्या कितीतरी पिढ्या वाढल्या. पांघरुणात डोकं खुपसून मुलं आपल्या गावाचं अक्षर येण्याची वाट बघायची. अक्षर निघून गेलेलं असलं तर अख्खी यादी पुन्हा ऐकायची. पुढे टीव्हीच्या पडद्याखाली तीच यादी सरकू लागली. स्टेशनला फोन केला की मी आधी शाळाखात्याचा क्रमांक सांगायचे, मग त्या वर्षीचा गुप्त शब्द. हा शब्द असायचा, कारण आवाज जाड करून ‘मी सुपरिंटेंडंट बोलतोय’ म्हणणाऱ्या दहावीबारावीतल्या पोरांची कुठेच कमी नव्हती.

त्या शब्दाचं मोल मला १९९७ मध्ये कळलं. रविवारी ईस्टर होता, लोक कोटाशिवाय फिरत होते. सोमवारी संध्याकाळी बर्फ सुरू झाला आणि मंगळवारी सकाळपर्यंत बॉस्टनमध्ये पंचवीस इंच साचला. मंगळवार म्हणजे १ एप्रिल. पहाटे मी स्टेशनला फोन केला तर पलीकडचा मुलगा हसला. गुप्त शब्द सांगितल्यावरच त्याने लिहून घेतलं. त्यानंतर दोन तास कचेरीचा फोन वाजत होता. पालक विचारत होते, खरंच ना? मी प्रत्येकाला म्हणत होते, खिडकीतून बघा हो! निम्म्यांच्या खिडक्या बर्फाने झाकल्या होत्या.

माझ्या हातून घडलेली चूक मात्र यंत्र आल्यानंतरची. तोवर घरोघर निरोप जायचा तो फोनसाखळीने. एका आईने तिघींना सांगायचं, त्या तिघींनी आणखी तिघींना. दोन हजारच्या दशकात संगणकावरून एकदम सगळ्या घरी फोन जाऊ लागले. एक दाबला की ‘बंद’, दोन दाबला की ‘दोन तास उशीर’. एका फेब्रुवारीत पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी, झोपाळल्या बोटाने, मी दोनऐवजी एक दाबला. गावातल्या प्रत्येक उशाशी फोन वाजला आणि शाळा बंद झाली. रेडिओवर मात्र डिले. दहा मिनिटांत दुरुस्तीचा फोन पाठवला, पण तोवर रात्रपाळीहून घरी आलेली एक नर्स फोन बंद करून झोपली होती. पहाटेच्या पाळीचा एक बाप मुलीला चाळीस मैलांवरच्या आजीकडे सोडायला निघाला होता. तो दुपारी कचेरीत आला. ओरडला नाही. म्हणाला, भोंगा असता तर एवढी चूक झाली नसती, मोजून तरी वाजवायचे. त्या दिवसापासून कुठलाही निरोप मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना दोनदा वाचून दाखवल्याशिवाय पाठवला नाही. भोंगा तेव्हा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

मुलांचे उपाय आमच्यापेक्षा सोपे. पायजमा उलटा घालून झोपायचं, उशीखाली चमचा ठेवायचा, संडासात बर्फाचे खडे टाकून पाणी सोडायचं. मग दुसऱ्या दिवशी नक्की सुट्टी. माझ्या लेकाने एकदा तिन्ही केलं आणि पहाटे स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं, ‘आई, तुला तर माहीतच असेल ना?’ मला माहीत होतं, पण सव्वापाचच्या आधी घरात सांगायचं नाही हा माझा नियम होता. तो माझ्याकडे बघत पायरीवर बसून राहिला. आईच्या आणि सरकारच्या मधे पोराला असं उभं करू नये.

सुट्टी फुकट नसते. आमच्या राज्यात वर्षाला १८० दिवस शाळा भरायलाच हवी. म्हणून वेळापत्रक १८५ दिवसांचं करतात, पाच दिवस बर्फाच्या नावाने. २०१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनवर एकूण ११०.६ इंच बर्फ पडला, त्यातला साठाच्या वर एकट्या फेब्रुवारीत. ते पाच दिवस केव्हाच संपले आणि मुलं जूनच्या अखेरीस घामाघूम होऊन वर्गात बसली. मग कोविड आला आणि लोकांना वाटलं, आता बर्फाची सुट्टीच संपली. घरी बसा आणि संगणकावर शिका. पश्चिम व्हर्जिनियातल्या जेफरसन काऊंटीच्या सुपरिंटेंडंटबाईंनी डिसेंबर २०२० मध्ये मुद्दाम पत्र लिहून मुलांना खरीखुरी, बर्फात खेळायची सुट्टी दिली, तेव्हा ते पत्र देशभर फिरलं. न्यूयॉर्क शहराने १३ फेब्रुवारी २०२४ ला शाळा घरून भरवायची ठरवली, आणि लाखो मुलं एकदम आत शिरायला गेल्यावर ती व्यवस्थाच अडकली. न्यूयॉर्क सुट्टीला इतकं बिचकतं त्याला कारण आहे. तिथल्या कितीतरी मुलांचं पोटभर जेवण शाळेत होतं. बंद शाळा म्हणजे बंद स्वयंपाकघर.

पण हे सगळं सकाळचं. भोंगा, रेडिओ, सरकती यादी, फोन. दीडशे वर्षांची सगळी हुशारी सकाळी साडेपाचच्या निरोपावर खर्च झाली. १८८८ चं संकट दुपारचं होतं.

६ फेब्रुवारी १९७८, सोमवार. आमच्याकडे अजूनही नुसतं ‘अठ्ठ्याहत्तरचं’ म्हटलं की पुरतं. बर्फ पहाटे सुरू होणार असा अंदाज होता. सकाळी आभाळ कोरडं दिसलं. लोक म्हणाले, चुकले हवामानवाले, आणि कामाला गेले. बर्फ पडायला लागला तो मग, आणि मंगळवारी रात्रीपर्यंत थांबला नाही. बॉस्टनमध्ये २७.१ इंच. दुपारी सगळे एकदमच घरी निघाले. बॉस्टनला वळसा घालणाऱ्या १२८ नंबरच्या महामार्गावर सुमारे तीन हजार मोटारी आणि पाचशे ट्रक गाडले गेले. त्या रस्त्यावर चौदा माणसं गेली, ती थंडीने नव्हे. इंजिन चालू ठेवून बसली होती, मागची धुराची नळी बर्फाने बुजली आणि विषारी वायू आत शिरला. गव्हर्नर मायकेल डुकाकिस स्वेटर घालून टीव्हीवर रोज दिसायचे आणि गाड्या बाहेर काढू नका म्हणायचे. जवळजवळ आठवडाभर सगळं बंद.

दक्षिणेत बर्फाची सवय नाही. जानेवारी २०१४ मध्ये अटलांटावर जेमतेम दोनेक इंच बर्फ पडला. दुपारी शाळा, कचेऱ्या, दुकानं सगळी एकदम सुटली, रस्ते गोठले, आणि हजारो मुलांनी ती रात्र शाळेत किंवा बसमध्ये काढली. वादळ सुरू झाल्यावर मुलांना सोडायचं की ठेवून घ्यायचं, या प्रश्नाला कुठलाही भोंगा नाही.

याचं उत्तर मला परळहून मिळालं, माझ्या धाकट्या बहिणीकडून. ती कुर्ल्याला शिक्षिका होती. २६ जुलै २००५ ला दुपारी पाऊस धरला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पडला. तीन वाजता शाळा सुटायची वेळ झाली तेव्हा फाटकाबाहेर पाणी कमरेला होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी फाटकाला कुलूप लावलं. काही पालक रागावले, बाहेरून हाका मारत होते; ज्यांचे पालक स्वतः आले त्यांनाच सोडलं, सही घेऊन. उरली चाळीसेक मुलं. लाइट गेलेले, फोन बंद. वरच्या मजल्यावर बाकं जोडून अंथरूण, ग्लुकोज बिस्किटांचे पुडे मोजून वाटलेले. रात्री दर तासाला बहिणीने मेणबत्तीच्या उजेडात हजेरी घेतली. मी फोनवर विचारलं, ‘दर तासाला कशाला गं? जाणार होती कुठे ती?’ ती म्हणाली, ‘कुठेच नाही. पण नाव घेतलं की पोर ‘हजर’ म्हणतं. त्याला बरं वाटतं, मलाही.’

दोन दिवसांनी शेवटचं मूल घरी गेलं तेव्हा तिने हजेरीपटावर त्याच्या नावापुढे वेळ लिहिली. तो पट तिने अजून जपून ठेवलाय.

मी आमच्या सुपरिंटेंडंटना हे सांगितलं. त्या हिवाळ्यापासून आम्ही एक वही केली. दुपारी लवकर शाळा सोडायची वेळ आली तर एकोणीस बसचे एकोणीस रकाने. शेवटचं मूल उतरलं की ड्रायव्हरने मागपर्यंत चालत जाऊन प्रत्येक बाकाखाली बघायचं आणि मग वायरलेसवर एकच शब्द सांगायचा: ‘रिकामी’. मी वेळ लिहायची. एकोणीस वेळा लिहून झाल्याशिवाय कचेरीतला दिवा बंद करायचा नाही.

१३ डिसेंबर २००७. बर्फ दुपारी येणार हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळेच दुपारी निघाले. कारखाने, बँका, शाळा, आणि त्याच गर्दीत प्लाऊसुद्धा अडकले. र्‍होड आयलंडमध्ये प्रॉव्हिडन्सची मुलं त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत बसमध्ये अडकून होती, हे मी दुसऱ्या दिवशी वाचलं. त्या दुपारी मला माझ्या वहीपलीकडचं काही दिसत नव्हतं. तीन वाजेपर्यंत चौदा ‘रिकामी’. साडेचारला अठरा. अकरा नंबर नाही.

अकरा नंबर चालवणाऱ्या बाई साठी उलटलेल्या. नदीपलीकडच्या चढावर त्यांच्या पुढे एक ट्रक आडवा झाला होता. बसमध्ये सात मुलं. सगळ्यात जवळचं घर समोर दिसत होतं. चालत नेऊ का, असं त्यांनी विचारलं नाही. सुपरिंटेंडंटनी काही सांगायच्या आतच त्या वायरलेसवर म्हणाल्या, मी यांना खाली उतरवणार नाही. दर पंधरा मिनिटांनी त्या एकट्या उतरायच्या, फावड्याने मागची धुराची नळी मोकळी करायच्या आणि परत चढायच्या. मला नंतर कळलं, अठ्ठ्याहत्तरमध्ये १२८ नंबरच्या रस्त्यावर त्या स्वतःच्या गाडीत एक अख्खी रात्र बसल्या होत्या. मी त्या सातही घरी फोन करून सांगत होते, बसमध्ये आहे, हीटर चालू आहे, बाई जवळ आहेत. दर अर्ध्या तासाने तोच फोन, तेच वाक्य. एक आई म्हणाली, नवीन काही नसलं तरी करत राहा.

सात वाजायला वीस मिनिटं असताना वायरलेस खरखरला. ‘अकरा नंबर. रिकामी.’ मी ६:४० लिहिलं, वही मिटली, दिवा बंद केला.

स्वतःच्या घरी पोचायला मला साडेआठ झाले. तीन मैलांना दीड तास. बूट न काढताच परळचा नंबर फिरवला. तिकडे सकाळचे सात. आईने पहिल्याच रिंगला उचलला, पाठीमागे कुकरची शिटी.

म्हटलं, ‘आई, पोचले.’

‘अगंबाई,’ ती म्हणाली, ‘निघाली कधी होतीस?’